प्लायपेक्षा एक सूत आखूड: फर्निचरच्या फिटिंगला किती लांबीचा स्क्रू लावायचा?

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली मुलगी धावत खाली आली. "काकू, जरा वर येता का? शटरला काहीतरी झालंय." नवा वॉर्डरोब, राखाडी सनमायकाचा. एका शटरची बिजागरी ढिली झाली होती, म्हणून तिनं रविवारी स्वतःच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. जुना स्क्रू नुसताच फिरत होता, तेव्हा घरात पडलेले थोडे लांब स्क्रू तिनं लावले. ते घट्ट बसले, शटरही सरळ झालं. बाहेरून पाहते तर गुळगुळीत सनमायकावर, बिजागरीच्या उंचीला, बोटाला लागतील असे तीन फोड. एका फोडाच्या मधोमध केसाएवढी चीर.

मी तिचा एक स्क्रू काढून पट्टीवर ठेवला. २५ एमएम भरला. शटर होतं १८ एमएमचं.

आमच्या ऐरोलीत काय किंवा पलीकडे ठाण्यात घोडबंदर रोडला काय, नव्या घरात राहायला येणाऱ्यांकडे फर्निचर तीन-चार वाटांनी येतं. कुणी सुतार लावून घरीच बनवून घेतं, कुणी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून तयार आणतं, कुणी तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या आयकियातून खोकी आणून घरी जोडतं. पण वर्षभरात कुठली तरी बिजागरी ढिली होते, हँडल हलायला लागतं, ड्रॉवर अडकतो. एवढ्याशा कामाला सुतार येत नाही, आणि त्यानं यावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. हे काम आपल्याला आलं पाहिजे. त्यात सगळ्यात जास्त घोळ स्क्रूच्या लांबीवरून होतो, म्हणून हा लेख फक्त लांबीबद्दल आणि तिच्याशी जोडलेल्या गोष्टींबद्दल.

आधी सूत समजून घ्या

दुकानात सगळं एमएममध्ये मिळत असलं तरी आपल्याकडचा सुतार अजूनही सुतात बोलतो. एक इंच म्हणजे आठ सूत. एक सूत म्हणजे तीन एमएमला किंचित जास्त. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, म्हणजे १९ एमएम. अर्धा इंच म्हणजे चार सूत, साधारण १३ एमएम. वॉर्डरोबच्या शटरला आणि खोक्याला, म्हणजे दारं सोडून उरलेल्या सांगाड्याला, जो १८-१९ एमएमचा प्लाय वापरतात तो सहा सुती. ड्रॉवरच्या बाजूंना बरेचदा १२ एमएमचा वापरतात, तो चार सुती.

आमच्याकडे पूर्वी काम करून गेलेल्या मिस्त्रींनी मला एकच वाक्य दिलं होतं: "ताई, स्क्रू प्लायपेक्षा एक सूत आखूड." सहा सुती प्लायला पाच सुती स्क्रू, म्हणजे १६ एमएम. चार सुती प्लायला तीन सुती, म्हणजे १० एमएमच्या आसपास. टोक आणि पलीकडचा पृष्ठभाग यांच्यात तीन एमएम लाकूड शिल्लक राहतं, आणि तेवढं पुरतं.

नवशिक्याची फसगत नेमकी इथेच होते. पाऊण इंची प्लाय आहे, मग पाऊण इंची स्क्रू घेऊ, असं मनात येतं. आकडा जुळतो म्हणून बरोबर वाटतं. पण १८ एमएम म्हणून घेतलेला प्लाय मोजला तर कधीकधी १७ भरतो, आणि १९ चा स्क्रू पूर्ण आत गेला की त्याचं टोक सनमायकाला आतून ढकलतं. लगेच दिसत नाही. चार दिवसांनी तिरप्या उजेडात फोड दिसतो.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. फोड नको म्हणून घाबरून १८ एमएमच्या शटरला १० एमएमचे स्क्रू लावले तर शटरचं वजन काही महिन्यांत ते ओढून काढतं. स्क्रूचं टोक निमुळतं असतं, तिथले दोनेक एमएम पकड देतच नाहीत. १० एमएममधून बिजागरीच्या पत्र्याची जाडी आणि टोक वजा केलं तर लाकडात खऱ्या अर्थानं रुतलेले आटे सहा-सातच एमएम राहतात. म्हणून जितका लांब सुरक्षितपणे बसेल तितका लांब घ्यायचा, आणि ती मर्यादा म्हणजे एक सूत आखूड.

पायरी पहिली: जाडी स्वतः मोजा

सुतारानं काय सांगितलं, बिलावर काय लिहिलंय, यावर जाऊ नका. शटर उघडून त्याची कड समोर धरा आणि स्टीलची पट्टी लावा. कडेला पट्टी चिकटवलेली असली तरी जाडी कळते. बाहेरचा सनमायका साधारण १ एमएमचा असतो, आतला त्याहून थोडा पातळ. म्हणजे कडेवर २० एमएम दिसले तर आतला प्लाय १८ च्या आसपास. हिशेब नेहमी नुसत्या प्लायवर करा, सनमायका त्यात धरू नका. तो आपला राखीव.

फिटिंगची जाडीही मोजा. बिजागरीचा पत्रा एक-दीड एमएमचा असतो, तिथं फारसा फरक पडत नाही. पण किचनच्या ट्रॉलीखालचे प्लास्टिकचे पाय, किंवा चाकाची प्लेट, यांची जाडी तीन ते पाच एमएम असू शकते. तेवढी लांबी फिटिंगच खाऊन टाकते. म्हणून हिशेब असा करा: फिटिंगची जाडी अधिक प्लायची जाडी, त्यातून एक सूत वजा. १८ चा प्लाय आणि ५ एमएमची प्लेट असेल तर २३, वजा ३, म्हणजे २०. बाजारात २० नसेल तर १९ घ्या. आकडा जुळला नाही की नेहमी खालचा आकडा घ्यायचा.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या लांब्या अशा: १०, १३, १६, १९, २५, ३२, ३८ आणि ५० एमएम. दुकानदार त्यांना अर्धा इंची, पाऊण इंची, इंची, सव्वा इंची, दीड इंची, दोन इंची म्हणतो. १६ ला कुणी पाच सुती म्हणतं, कुणी सोळा एमएम. दोन्ही लक्षात ठेवा.

पायरी दुसरी: स्क्रूच्या खोक्यावरचा आकडा वाचायला शिका

"८×२५" लिहिलं असेल तर ८ हा नंबर, म्हणजे जाडी, आणि २५ ही एमएममधली लांबी. सहा नंबर साधारण साडेतीन एमएम जाडीचा, आठ नंबर सव्वाचार एमएमच्या थोडा आत, दहा नंबर पावणेपाचच्या थोडा वर. फर्निचरच्या बहुतेक फिटिंगला सहा नंबर पुरतो, दारांना आणि पलंगाला आठ किंवा दहा.

आता एक खाचखळगा. "३.५×१६" किंवा "४×१६" असं लिहिलेली खोकीही मिळतात. तिथला पहिला आकडा नंबर नसून एमएममधली जाडी असते. ४ एमएमचा स्क्रू आणि चार नंबरचा स्क्रू यात मोठा फरक आहे: चार नंबर जेमतेम २.८ एमएम असतो. काउंटरवर उभं राहून "चारचा द्या" म्हणालात तर काय हातात पडेल याचा भरवसा नाही. जुना स्क्रू सोबत न्या. त्याहून चांगली खूण नाही.

लांबी कुठून कुठपर्यंत मोजतात हे डोक्याच्या आकारावर ठरतं. वर सपाट, खाली निमुळतं असं डोकं, ज्याला दुकानात सीएसके म्हणतात, ते खाचेत बुडतं, म्हणून त्याची लांबी डोक्यासकट मोजतात. गोल किंवा चपट्या डोक्याचा स्क्रू फिटिंगच्या वर बसतो, म्हणून त्याची लांबी डोक्याच्या खालून मोजतात. दोन्ही खोक्यांवर १६ लिहिलेलं असलं तरी शेजारी ठेवले की गोल डोक्याचा जास्त लांब दिसतो, तो याचमुळे.

पायरी तिसरी: कुठली फिटिंग, तसा हिशेब

*शटरची कप बिजागरी.* शटर स्वतःहून हळू बंद होतं ती बिजागरी बहुधा याच जातीची. शटरमध्ये ३५ एमएम व्यासाचा गोल खड्डा करून तिची वाटी बसवतात आणि वाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू लागतो. खड्डा बारा एमएमच्या आसपास खोल असतो, म्हणजे त्या जागी शटर आधीच पातळ झालेलं असतं. स्क्रू मात्र खड्ड्याच्या बाहेर, पूर्ण जाडीत जातात, म्हणून १८ एमएमला इथं सहा नंबरचा १६ एमएम, बास. दुसरा भाग, म्हणजे प्लेट, वॉर्डरोबच्या बाजूच्या फळीवर बसतो. तिथंही १६.

मधल्या उभ्या फळीवर मात्र विशेष लक्ष द्या. दोन खणांच्या मधली फळी एकच असते आणि तिच्या दोन्ही अंगांना बिजागऱ्या येतात. डावीकडून १६ आणि उजवीकडून १६ म्हणजे ३२, आणि फळी १८ ची. समोरासमोर आले तर दोन स्क्रू आत एकमेकांवर आदळतात: दुसरा अर्ध्यात अडतो, किंवा जोर लावून पिळलात तर पहिल्याची पकड मोडतो. एका बाजूची बिजागरी दोन बोटं वर किंवा खाली घ्या. फर्निचर बनतानाच सुताराला हे सांगितलं तर उत्तम.

*ड्रॉवरचं चॅनल.* टेलिस्कोपिक चॅनलमध्ये, म्हणजे ड्रॉवर ज्यावर मागेपुढे सरकतो त्या पट्टीमध्ये, लांबीइतकंच डोकं महत्त्वाचं. चॅनलच्या आत गोळ्यांची पट्टी मागेपुढे सरकते. स्क्रूचं डोकं किंचित जरी वर राहिलं तरी पट्टी त्याला घासते, ड्रॉवर अडतो, आणि लोक चॅनल खराब निघालं म्हणून दुकानात परत नेतात. सीएसके डोक्याचा सहा नंबर घ्या, बसवल्यावर अंगठा फिरवून पाहा, डोकं पत्र्याच्या पातळीत आलं पाहिजे. ड्रॉवरची बाजू १२ एमएमची असेल तर १३ चा स्क्रू लावू नका. पत्र्याची जाडी वजा जाता तो पावणेबारा एमएम आत जातो, टोक आतल्या सनमायकाशी येऊन टेकतं, आणि प्लाय साडेअकराचा निघाला तर ड्रॉवरच्या आत कपड्यांना लागतं. साडीचा धागा ओढला गेला की मग शोधाशोध सुरू होते. १० एमएम घ्या आणि चॅनलची जास्त भोकं वापरा, दोनाऐवजी चार स्क्रू. कपाटाच्या बाजूला, १८ च्या फळीत, १६ चालतो.

*हँडल.* इथं नियमच बदलतो. हँडलला लाकडाचा स्क्रू लागत नाही. पूर्ण शटरमधून आरपार भोक पाडून आतून बोल्टसारखा मशीन स्क्रू येतो आणि हँडलच्या आतल्या आट्यांत जातो. तो बहुतेक वेळा ४ एमएम जाडीचा असतो. इथं एक सूत आखूड नव्हे, तर शटरच्या जाडीपेक्षा पाच ते आठ एमएम लांब हवा.

काडेपेटीतली एक काडी घ्या. हँडलच्या भोकात ती तळाला टेकेपर्यंत घाला, तोंडाशी नखानं खूण करा, बाहेर काढून मोजा. समजा १० एमएम खोली निघाली. शटर सनमायकासकट २० एमएम. मग २५ चा स्क्रू पाच एमएम आत जाईल, चालेल. शटर २२ चं असेल तर २५ मधले तीनच एमएम आत जातात, आणि मोजक्या आट्यांवर लटकलेलं हँडल जोरात ओढलं की हातात येतं. तिथं ३० घ्या, आठ आत जातील, तळाला टेकणार नाहीत.

तळाला टेकणं हा हँडलचा खरा शत्रू. स्क्रू जास्त लांब असेल तर तो आत जाऊन थांबतो, हाताला वाटतं पक्का झाला, पण डोकं लाकडाला चिकटलेलंच नसतं. स्क्रू घट्ट आणि हँडल मात्र हलतं. असं झालं की अजून पिळू नका, आटे जातील. डोक्याखाली एक-दोन वॉशर घाला किंवा छोट्या लांबीचा स्क्रू आणा.

ड्रॉवरच्या हँडलला आणखी एक गोष्ट. ड्रॉवरला पुढे दोन फळ्या असतात: ड्रॉवरच्या खोक्याची आतली १२ एमएम आणि दिसणारी १८ एमएम. सनमायका धरून ३२ च्या आसपास. हँडलसोबत आलेला २५ चा स्क्रू तिथं पोचतच नाही. ४० एमएमचा वेगळा मागा.

*ड्रॉवरची पुढची फळी खोक्याला जोडताना* आतून स्क्रू लावतात. १२ आणि १८ मिळून ३०, वजा एक सूत, २७. म्हणून २५ घ्या. आतली १२ पार करून तो तेराएक एमएम पुढच्या फळीत जातो आणि बाहेर यायला पाच एमएम बाकी राहतात. मात्र खोक्याच्या फळीतलं भोक स्क्रूपेक्षा थोडं सैल पाडा. ते घट्ट असेल तर स्क्रूचे आटे दोन्ही फळ्यांत एकाच वेळी धरतात आणि फळ्यांमध्ये फट तशीच राहते, कितीही पिळा.

*मागचा पातळ प्लाय.* कपाटाच्या पाठीचा ६ एमएमचा प्लाय खोक्याच्या कडेत बसतो. पातळ फळी जाड फळीला जोडताना जुना ठोकताळा असा: पातळ फळीच्या तिप्पट लांबी. सहा त्रिक अठरा, म्हणून १९. कडेत आत भरपूर खोली असते, आरपार जायची भीती नसते, तेव्हा २५ लावलात तरी हरकत नाही.

*पियानो बिजागरी आणि प्लायची कड.* जुन्या पेटीवजा बैठकीचं झाकण, शिलाई मशीनचं टेबल, अशा ठिकाणी लांब पट्टीची बिजागरी असते आणि तिचे स्क्रू प्लायच्या कडेत जातात. कडेत स्क्रू थरांना समांतर जातो, म्हणजे तो थर एकमेकांपासून फाडायला बघतो. इथं जाडी कमी आणि लांबी जास्त ठेवा: चार किंवा सहा नंबर, १९ ते २५ एमएम, आणि आधी भोक पाडल्याशिवाय अजिबात नाही.

*बॉक्स पलंगाचा हायड्रॉलिक.* इथं मी नवख्या माणसाला ठामपणे सांगेन: स्क्रूवर विसंबू नका. गॅस पंपाचा जोर प्रचंड असतो आणि वर गादीसकट झाकण असतं. ब्रॅकेट सुटलं तर ते थेट माणसाच्या हातावर येतं. फळीतून आरपार नट-बोल्ट आणि मागे मोठा वॉशर, एवढंच त्याला योग्य आहे. येत नसेल तर माणूस बोलवा.

लाकूड कोणतं, ते पाहा

वरचा सगळा हिशेब चांगल्या प्लायचा. सागवानात स्क्रू घट्ट धरतो, तिथं थोडी कमी लांबीही चालते, पण आधी भोक पाडावंच लागतं, नाहीतर लाकूड चिरतं. ब्लॉक बोर्डाच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यात कधीकधी फटी राहतात. स्क्रू फटीत गेला तर लांबी बरोबर असूनही पकड नसते. दोन-चार एमएम सरकवून नवं भोक पाडा.

पार्टिकल बोर्ड वेगळीच जात आहे. तयार फर्निचर बरंचसं त्याचंच. भुशाच्या दाण्यांना चिकटवून दाबलेली फळी ती, तिच्यात बारीक आट्यांचा स्क्रू भुसा करत जातो. रुंद, उंच आट्यांचा चिपबोर्ड स्क्रू घ्या, एक सूत आखूड या मर्यादेपर्यंत जितका लांब बसेल तितका. आणि एकदा बसवलेला स्क्रू पुन्हापुन्हा काढू नका, प्रत्येक वेळी भोक मोठं होतं. खोक्यातून आणलेल्या फर्निचरसोबत स्क्रूच्या ज्या पुड्या येतात त्या त्या फळीच्या जाडीनुसार ठरवलेल्या असतात. सगळ्या पुड्या एकदम फोडून एका वाटीत ओतू नका.

पायरी चौथी: आधी भोक, मग स्क्रू

सहा नंबरला २ ते अडीच एमएमचं, आठ नंबरला अडीच ते ३ एमएमचं भोक. सागवानासारख्या कठीण लाकडात वरचा आकडा, प्लायमध्ये खालचा. जुने सुतार यासाठी गिरमिट वापरायचे, आणि ज्यांच्याकडे ड्रिल नाही त्यांनी अजूनही तेच घ्यावं. हातानं फिरवताना किती आत गेलो ते कळतं, आणि सोसायटीत दुपारी आवाजावरून कुणाची तक्रारही येत नाही.

ड्रिलनं करणार असाल तर बिटला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. स्क्रूच्या लांबीपेक्षा दोन एमएम कमी अंतरावर पट्टीची कड यायला हवी. भोक पाडताना पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. स्क्रू बरोबर आणला आणि भोकच आरपार पाडलं असं मी दोन घरांत पाहिलं आहे, म्हणून ही चिकटपट्टी टाळू नका.

पायरी पाचवी: पिळताना

स्क्रूड्रायव्हर योग्य असला तर लांबीची चूकही वेळेत कळते. स्टार स्क्रू दोन जातींचे असतात. एक साधा अधिक चिन्हाचा. दुसऱ्यात मोठ्या खाचांच्या मध्ये चार बारीक रेघा असतात, चिपबोर्डच्या आणि बिजागरीच्या स्क्रूंना बरेचदा हीच खाच असते. त्याला साधा स्टार लावला की तो निसटतो आणि डोकं घासून गोल होतं.

मशीननं पिळत असाल तर शेवटचे दोन फेरे हातानं घ्या. हाताला दोन गोष्टी कळतात ज्या मशीनला कळत नाहीत. फिटिंगला डोकं टेकलं की फिरवायला एकदम जड लागतं: तिथं थांबा. आणि डोकं टेकायच्या आधीच जड लागलं तर टोक कशाला तरी अडलंय, दुसऱ्या स्क्रूला किंवा पलीकडच्या सनमायकाला. तेव्हा जोर लावायचा नाही, उलटा फिरवून काढायचा आणि पुन्हा मोजायचं.

काळे जिप्सम स्क्रू स्वस्त म्हणून सर्रास बिजागऱ्यांना लावले जातात. ते जिप्सम बोर्डासाठी बनवलेले, कडक पण ठिसूळ. झटका बसला की मान तुटते आणि उरलेला दांडा लाकडातच अडकतो. मी ते बिजागरीला लावत नाही.

भोक ढिलं झालं तर

बहुतेक घरांत लांब स्क्रू याच कारणानं घुसवला जातो. जुना पकडत नाही, मग त्याहून मोठा. पण भोक ढिलं झालंय ते रुंदीला, खोलीला नव्हे. लांब स्क्रू फक्त टोकापाशी चार आटे धरतो आणि पलीकडे डोकावतो.

लांबी तीच ठेवा. भोकात थोडं फेविकॉल सोडा, बांबूच्या काड्या किंवा काडेपेटीच्या काड्या गुल काढून त्यात दाबून भरा, जेवढ्या मावतील तेवढ्या. वरचा भाग ब्लेडनं सपाट कापा आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी मधोमध बारीक भोक पाडून पूर्वीचाच स्क्रू लावा. घाई असेल तर त्याच लांबीचा थोडा जाड स्क्रू चालतो, सहाच्या जागी आठ नंबर, पण आधी त्याचं डोकं बिजागरीच्या खाचेत पूर्ण बसतंय ना ते पाहा.

खाडीकाठची हवा

वाशी, ऐरोली, कळवा, कोलशेत, सगळीकडे खाडी जवळ आहे आणि चार महिने पाऊस. सिंकखालच्या कपाटात, बाथरूमच्या दाराला, बाल्कनीतल्या शू रॅकला साधे स्क्रू गंजतात, फुगतात आणि काढताना मोडतात. तिथं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. लोहचुंबक त्याला फारसं चिकटत नाही, दुकानातच तपासता येतं. मात्र स्टेनलेस साध्या कडक स्क्रूपेक्षा मऊ असतं, आधी भोक न पाडता पिळलं तर डोकं खराब होतं. सागवानात घालताना आट्यांवर मेणबत्तीचं मेण घासा, साबण नको. साबण ओल धरून ठेवतो.

आणि फोड आलाच असेल तर

वरच्या मजल्यावरच्या त्या शटरचं आम्ही असं केलं. आधी तिन्ही लांब स्क्रू काढले, कारण टोक आत असेपर्यंत फोड बसणार नाही. मग बाहेरून हेअर ड्रायरनं सनमायका गरम केला, हाताला सोसेल इतकाच, म्हणजे आतला चिकटवलेला थर नरम पडतो. त्यावर सुती कापड, कापडावर लाकडाचा सपाट ठोकळा, आणि क्लॅम्पनं आवळून रात्रभर ठेवलं. भोकात काड्या आणि फेविकॉल भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं स्वतः १६ चे स्क्रू मोजून लावले, शेवटचे दोन फेरे हातानं. दोन फोड पूर्ण बसले. तिसरा, जिथं चीर गेली होती, तिथं राखाडी मेणाचा भराव घालून कार्डाच्या कडेनं सपाट केला. जवळून पाहिलं तर तो ठिपका दिसतो.

उरलेले २५ चे स्क्रू तिनं एका बरणीत भरले आणि वर चिठ्ठी चिकटवली: "२५ एमएम. शटरला नाही. ड्रॉवरच्या पुढच्या फळीला."